घासलेले चिंचोके

माझ्या बायकोचं नाव गोमती. गावात सगळे गोमी म्हणायचे. ती गेली त्याला आता वर्ष होत आलं. ती होती तोवर मी तिच्याबद्दल चार माणसांत चांगलं बोललो नाही की वाईट बोललो नाही. बायकोबद्दल काही बोलायचं असतं हेच आमच्यात नव्हतं. आता बोलावंसं वाटतं तर ऐकायला ती नाही. लग्नानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली एक गोष्ट आहे. तेव्हा मी बाविशीचा, अंगात जोर होता आणि अक्कल बेताची. त्या गोष्टीत माझी चूक आहे. आणखी कोणाकोणाची असेल, ती त्यांच्याबरोबर गेली. माझी आहे तेवढी लिहितो.

आमचं घर खाडीच्या बांधापासून हाकेवर होतं. कौलारू, पुढे पडवी, आत एक मोठी खोली, मागे चूल, चुलीच्या मागे चिंचेचं झाड. आता त्या जागेवर सात मजले आहेत, खाली मोबाईलचं दुकान आहे, आणि मी मुलाबरोबर नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतो. इथे खिडकी लावली की काही ऐकू येत नाही. तिथे सगळंच ऐकू यायचं. आय भाकरी थापायची ते, बाबा पडवीत खोकायचे ते, आणि उधाणाला खाडीचं पाणी उघाडीतून आत शिरायचं तो घोंगावणारा आवाज. उघाडी म्हणजे बांधातला लाकडी दरवाजा. भरतीला तो वर उचलायचा, पाणी मिठागरात घ्यायचं, आणि ओहोटी लागायच्या आत खाली सोडायचा. हे काम बाबांचं होतं. त्यांचे गुडघे गेले आणि ते माझ्याकडे आलं.

शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तीही रडत. पण तिथीचं गणित बाबांनी असं डोक्यात घातलं की अजून झोपेतून उठवून विचारा. आज तिथी कुठली, तिची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता पाणी भरणार. अष्टमी असली की सहाला. अवस-पुनवेला बाराच्या सुमाराला. अवस-पुनवेचं पाणी मोठं, ते उधाण. अष्टमीच्या आगेमागे पाणी मरतुकडं, त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगाचं पाणी उघाडीच्या उंबऱ्याला लागतच नाही, म्हणून ते तीन-चार दिवस मी घरी असायचो. हे एवढं सांगतो त्याला कारण आहे.

गोमी उरणकडची. हसायची मोठ्याने, चालायची भरभर. तिच्या हाताला चव होती. खाडीच्या कोलंबीचं चिंच घातलेलं कालवण ती करायची, तसं मी नंतर कुठे खाल्लं नाही. तांदळाची भाकरी अशी पातळ की उजेडाला धरली तर पलीकडचं दिसेल. आयने एकदा भाकरीचा तुकडा मोडला, चावला आणि म्हणाली, "हात बरा हाय पोरीचा." आयच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ होतं.

पण महिन्यातले चार-पाच दिवस ती वेगळीच बाई व्हायची. पहिल्यांदा झालं तेव्हा मी जेवत होतो. आय म्हणाली, कालवणाला मीठ कमी आहे. असं ती रोजच काहीतरी म्हणायची आणि गोमी रोज हसून सोडून द्यायची. त्या दिवशी तिने मिठाचं मडकं उचललं आणि अंगणात आपटलं. "मिठागर हाय ना तुमचा, जा, आना किती पायजे तो." माझा घास हातातच राहिला. मग गोमी स्वतःच त्या फुटक्या मडक्याजवळ बसून रडायला लागली आणि मीठ पदरात गोळा करायला लागली. डोकं एवढं दुखायचं की फडकं करकचून बांधून भिंतीला टेकून बसायची. झोप नाही. छाती दुखते, पोलका लागला तरी सहन होत नाही, असं एकदा मला म्हणाली. मी तोंड फिरवलं, असलं काही ऐकायची सवय नव्हती. पाय सुजायचे. जोडवी बोटात रुतायची, म्हणून साबण लावून ती काढून ठेवायची. आयने ते बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "नवरा जिता हाय ना तुजा? मंग जोडवी कशी काढतेस?" गोमी म्हणाली, "नवऱ्याला जोडवी असती अन् त्याचे पाय सुजले असते तर तुमीच काढली असती." त्यावर जे झालं ते लिहीत नाही.

मग तिची पाळी यायची. त्या काळी आमच्यात बाई चार दिवस पडवीत बसायची, चुलीला हात नाही, पाण्याला हात नाही, तिचं ताट वेगळं. आणि त्याच दिवशी संध्याकाळी गोमी पडवीतून मला हाक मारून विचारायची, आज काय आणलंत खाडीतून, शेजारच्या म्हशीला काय झालं. आवाजात काही नाही. जणू कोणी तिच्या डोक्यावरची पाटी खाली उतरवून ठेवली. मी हे बघत होतो. दर महिन्याला बघत होतो. मिठागरावर एक थट्टेखोर गडी होता, तो म्हणायचा, "सगल्या खाडीची तिथी सांगतोस रं, घरातल्या उधानाची पन सांग कवातरी." सगळे हसायचे. मीही हसायचो.

सुरुवातीचे एक-दोन महिने तिचे ते दिवस अवसेला आले. आयला तेवढं पुरलं. अवसेची काहीतरी बाधा आहे, माहेरून येताना खाडी ओलांडली तेव्हा लागली, असं तिने ठरवलं. आय दुष्ट नव्हती हेही लिहितो. ती खरंच घाबरली होती. गोमीच्या उशाखाली लोखंडाचा खिळा ठेवायची, आणि ठेवून झाला की तिच्या अंगावरचं पांघरूणही नीट करायची.

एका दुपारी गोमीने मला चुलीच्या मागे बोलावलं. तांदळाच्या कणगीमागून एक पत्र्याचा डबा काढला. आत चिंचोके.

"खेलायचे हायत काय?" मी म्हटलं.

"मोजायचे हायत. बाहेरून न्हाऊन आत आली का डबा रिकामा करते, मंग रोज एक टाकते. ज्या दिसाला डोका फिरतो, त्या दिसाचा दगडावर घासून पांढरा करते. तीन महिने झाले मोजते. काले सगले आदी, पांढरे सगले शेवटाला. ते झाले का बाहेर बसते. अन् बसली का मोकली."

"मंग?"

"मंग काय. भूत लागला असता तर मोजून आला असता का? मना ठाव हाय कवा येनार तो. आदी पाय सुजतात, मंग झोप जाते, मंग कोनी काय बोल्ला का डोल्यात पानी येतो नायतर हातात काय असल तो फेकावासा वाटतो. तुमी एकच करा. ते दिस आले का मी तुमाला सांगन. तुमी आयला सांगा, चार दिस तिला बोलू नको. कामा सगली करते मी. फक्त चार दिस बोलू नको."

शाळेची पायरी न चढलेली बाई. स्वतःचं दुखणं स्वतः ओळखलं, तीन महिने तपासलं आणि त्यावर उपायही काढला. उपाय असा की त्यात कोणाचं काही जात नव्हतं. मी काय म्हणालो? "बायकांच्या गोष्टी मना कशाला सांगतेस?" आणि वर हसलो. डबा तिने परत कणगीमागे ठेवला.

त्या महिन्यात तिचे दिवस वद्य अष्टमीला सुरू झाले. भांग होता, म्हणून मी घरात बसून टोपली विणत होतो. आयने सुकट भाजायला टाकली, त्या वासाने गोमीला मळमळलं, आय म्हणाली, "नाटका बग," आणि गोमीने तवा पालथा केला. हे माझ्यासमोर झालं. पुढे पाच दिवसांनी ती पडवीत बसली. अवसेच्या दिवशी मी दुपारी उघाडीवरून आलो तेव्हा ती नारळाच्या झापातले हिर काढत होती, केरसुणीसाठी. शांत. मला म्हणाली, "पाय धुवा आदी, सगला चिखल आनलात." अवसेला ती अशी होती. हे मला पक्कं ठाऊक होतं. मिठागरावर ज्याचं पोट आहे तो तिथीत चुकत नाही.

पण गोमी पडवीत म्हणजे चूल आयकडे. आय तांदूळ काढायला कणगीजवळ गेली आणि तिला डबा सापडला. अठरा काळे चिंचोके आणि पाच घासून पांढरे केलेले. आयने तो काठीने ढकलत अंगणात आणला, हात लावला नाही. "करनी हाय. कोन घालून गेला घरात?" पडवीतून गोमी ओरडली, "माजे हायत ते, टाकू नका." आय माझ्याकडे वळली. "ऐकलास? तिचेच हायत." मी तिथे उभा होतो. चिंचोके कसले हे घरात दोघांनाच माहीत होतं, त्यातला एक मी. बोललो असतो तर आय म्हणाली असती, बायकोच्या पाळीचं तुला काय ठाव, आणि दुसऱ्या दिवशी मिठागरावर गडी हसले असते. तेवढ्या लाजेपायी मी गप्प बसलो. आयने डबा सांडशीने उचलून चुलीत टाकला. चिंचोके तडतड फुटले. त्या घराच्या आवाजांतला तोच आवाज माझ्या डोक्यात अजून आहे.

गोमी न्हाऊन आत आली, त्यानंतरच्या रविवारी आम्ही भूत उतरवणाऱ्या भगताकडे गेलो. नेरे गावाच्याही पलीकडे, डोंगराखाली. काही बस, काही चालत. गोमी चांगली होती. तिचे ते हसरे दिवस होते. वाटेत करवंदाच्या जाळीत हात घातला, मला दोन दिली. आयला म्हणाली, "बगू दे भगताला, मना काय व्हनार हाय." तिला वाटलं असणार, माणूस विचारील, आपण सांगू.

भगताने सुपात तांदूळ टाकले, बोटाने इकडेतिकडे केले. गोमीला काही विचारलं नाही. आयला विचारलं, "कवा व्हतं?"

"अवसेला."

मग माझ्याकडे बघितलं. "तू सांग. नवऱ्याचा शबूद लागतो. अवसेलाच व्हतं ना?"

गोमीने माझ्याकडे बघितलं. आयनेही बघितलं. आणि मी म्हणालो, "हो."

एक अक्षर. त्यानंतर जे झालं ते त्या अक्षरावर झालं. निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या, गोमीचे केस धरून तिचं तोंड त्या धुरावर आणलं. "कोन हायस, बोल." ती खोकत म्हणाली, "गोमी हाय मी." परत धुरावर. "कोन हायस?" "गोमी." डोळ्यांतून, नाकातून पाणी. एका निखाऱ्यावर हात टेकला तिचा, मनगटाजवळ भाजलं. भगत विचारत होता, ती नाव सांगत होती. किती वेळा सांगितलं ते मी मोजलं नाही. मग तो म्हणाला, "जातेस का नाय?" आणि ती थांबली. त्या धुरातून तिने मला शोधलं. बघितलं. आणि म्हणाली, "जाते."

सगळ्यांना बरं वाटलं. भगताने नारळ फोडला.

परत येताना ओढ्यावर तिने तोंड धुतलं, बराच वेळ धुतलं. आय पुढे निघून गेली होती. गोमी ओंजळीतलं पाणी सोडून देत म्हणाली, "तुमाला तिथी कलतात ना?" मी आय गेली त्या वाटेकडे बघितलं. तिने परत विचारलं नाही. पुढे पन्नासच्या वर वर्षं आम्ही एकत्र काढली, पोरं झाली, तिने परत विचारलं नाही.

आणि गुण आला. हे सगळ्यात वाईट. त्या दिवसापासून गोमीने मडकं फोडलं नाही, आवाज चढवला नाही, जोडवी काढली नाहीत. आय गावभर सांगत सुटली, आणखी दोन घरच्या सुना लोकांनी त्या भगताकडे नेल्या. त्याही माझ्याच अक्षरावर गेल्या म्हणायच्या. गोमी मात्र महिन्यातले काही दिवस खाडीवर शिवल्या, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायला जायची, एकटी, टोपली घेऊन, आणि दिवेलागणीला यायची. मला वाटायचं हिला शिवल्यांची आवड आहे. आता कळतं. शिवल्या काढायच्या तर उधाणाची ओहोटी लागते, तेव्हाच चिखल लांबवर उघडा पडतो. ती भांगातही जायची. टोपलीत पाच-दहा शिवल्या घेऊन यायची आणि मी म्हणायचो, "तुला अक्कल हाय का, भांगात कोन शिवल्यांना जातो?" ती म्हणायची, "नाय अक्कल." तिकडे जाऊन ओरडत होती की नुसती बसत होती, देव जाणे. खाडीला माणूस बोललेलं चालतं.

मिठागर गेलं, घर गेलं, आम्ही नवीन पनवेलला आलो. माझी नात सानिका कॉलेजात जाते. गोमी होती तेव्हाची गोष्ट. एक दिवस चहा गार झाला म्हणून सानिका आजीवर खेकसली, कप ढकलला, आणि थोड्या वेळाने येऊन तिच्या गळ्यात पडून रडली.

"सॉरी आजी. माझे दिवस जवळ आलेत. त्याच्या आधी मला असं होतं. पीएमएस म्हणतात त्याला. मला कळतं मी उगाच चिडतेय, पण थांबवता येत नाही."

गोमीने विचारलं, "पाय सुजतात?"

"पाय, बोटं, सगळं. डोकं दुखतं, झोप नाही."

"अन् पाली आली का मोकला वाटतो."

"हो. तुला कसं माहीत?" सानिकाने मोबाईल काढला. "हे बघ, मी यात लिहून ठेवते. हे साधे दिवस, हे चिडचिडीचे. डॉक्टरनेच सांगितलंय, दोन-तीन महिने लिहीत जा म्हणजे ओळखता येतं."

गोमीने मोबाईल हातात घेतला. बारीक बारीक ठिपके होते, शेवटचे चार-पाच वेगळ्या रंगाचे. ती खूप वेळ बघत राहिली. बोट एकेका ठिपक्यावर ठेवत गेली, स्क्रीन हलली तर परत जागेवर आणून.

"तुला पण व्हायचं का गं आजी?"

"नाय गो. मना भूत लागला व्हता. तुज्या आज्याला इचार, तो व्हता तिथं."

सानिका खो खो हसली. माझ्याकडे बघितलं. आणि मीही हसलो. गोमी हसली नाही. तिने गार चहाचा कप उचलला आणि मोरीत ओतला. दोघी माझ्यासमोर होत्या, वेळ होती, अर्धशतकाने का होईना बोलायची संधी तिने स्वतः काढून दिली होती. मी हसलो.

ती गेली तेव्हा बायका म्हणाल्या, भाग्याची, जोडव्यांसकट गेली. आंघोळ घालताना एकीने मला पायांना हळद लावायला बोलावलं. जोडव्यांच्या खाली बोटांना खोल काळे चर पडले होते. तिथली कातडी दगडासारखी झाली होती.

गेल्या महिन्यात एका सकाळी सानिका बेसिनजवळ बोटातली अंगठी साबण लावून काढत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "दिस जवल आले काय गो?" ती बघतच राहिली. आजोबाने असं विचारावं, हे तिच्या पिढीतही नसेल. मग मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून ती ऐकत होती.

"म्हणजे आजी त्या दिवशी खरं बोलत होती," ती म्हणाली.

"खरं."

"आणि आपण हसलो."

"तुला ठाव नव्हता. मना व्हता."

तिने पोटाशी धरलेली पिशवी सरकवली. मग विचारलं, "तिथे तुम्ही काय बोलायला हवं होतं, आजोबा?" रागाने विचारलं नाही. मायेनेही नाही.

मला वाटायचं याचं उत्तर मोठं असेल, म्हणून इतकी वर्षं तोंडात आलं नाही. मोठं नव्हतं. मी म्हणालो, "अवस नव्हती. त्या दिसाला अष्टमी व्हती, भांगाचा पानी व्हता, मी घरात व्हतो. अवसेला ती पडवीत हिर काढत व्हती, शांत. चिंचोके तिचे हायत, ती दिस मोजते."

"एवढंच?"

"एवढाच."

तिने पिशवीचं झाकण घट्ट केलं आणि आत गेली. मी तिच्या मागे गेलो नाही.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. सानिकाने खोलीत कपडे पसरून ठेवले होते, त्यावरून तो आवाज चढवायला लागला. मी टीव्ही बंद केला आणि त्याला म्हणालो, "चार दिस तिला बोलू नको."

"का? काय झालं?"

"काय नाय झाला. चार दिस बोलू नको, बस."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग हातपाय धुवायला निघून गेला. घर शांत झालं. एवढं सोपं होतं ते.